माळ्यावरची बत्ती

संक्रांतीच्या आधी घर आवरताना माळ्यावरून आजोबांची पेट्रोमॅक्सची बत्ती खाली आली आणि तिच्या बुडाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक कोरे मेंटलही सापडले. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की आजोबा तिथे टॉवेल-चादरींचे दुकान मांडत आणि वीज गेली की हीच बत्ती बांबूला टांगून रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक करत.

मेंटल म्हणजे मुठीत मावेल एवढी जाळीदार कापडी पिशवी. ती बत्तीच्या तोंडाशी दोऱ्याने बांधायची आणि काडी लावायची. कापड जळून जाते आणि मागे त्याच विणीची पांढरी, राखेची पिशवी लोंबत राहते. आजोबा पंप मारू लागले की रॉकेलची वाफ फुसफुसत वर येई आणि तीच राख डोळे दिपवणारा उजेड देऊ लागे. बोट लागले तरी ती ढासळे. एखादा पतंगही तिला पुरे. चादर किती धुण्यांना पुरेल यावर जिथे सौदा ठरतो, त्या आमच्या गावात जळल्यावरच कामाला येणारे कापड मला तेव्हाही विलक्षण वाटे.

त्या उजेडात सिरियम नावाच्या धातूचा हात होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. १८०३ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांना आणि त्याच सुमारास जर्मनीत क्लाप्रोथ यांना एका जड खनिजात नवे ऑक्साइड सापडले. दोनच वर्षांपूर्वी आकाशात सेरीस हा बटुग्रह सापडला होता, त्याचे नाव या मूलद्रव्याला मिळाले. निव्वळ धातू हाती यायला मात्र १८७५ उजाडले. तो करड्या रंगाचा आणि सुरीने कापता येईल इतका मऊ असतो, पण हवा लागताच काळवंडतो.

ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये केलेले पहिले मेंटल हिरवट उजेड देई, म्हणून ते चालले नाही. १८९१ मध्ये त्यांनी थोरियम या दुसऱ्या धातूचे ऑक्साइड ९९ टक्के आणि सिरियमचे १ टक्का असा मेळ जमवला. नुसते थोरियम ज्योतीत कितीही तापले तरी मंदच दिसते. शेंगाचटणीतल्या मिठाहूनही कमी असलेली ही चिमूट पडली की ते लख्ख उजळते. हे दोन्ही पदार्थ केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत एकत्र सापडतात.

पुढे याच गृहस्थांनी सिरियममध्ये लोखंड मिसळून १९०३ मध्ये एका मिश्रधातूचे पेटंट घेतले. आजोबांच्या लायटरमधला खडा त्याचाच. दातेरी चाकाने खरवडून निघालेला त्याचा कण हवेत आपोआप पेट घेतो. ठिणगी म्हणतात ती हीच. शास्त्राच्या पुस्तकात दुर्मिळ मृदा धातूंच्या रांगेत बसवलेला हा पाहुणा आमच्याकडे पानटपरीवर सुट्ट्या पैशांत मिळत असे. तसे पाहिले तर पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण जवळजवळ तांब्याइतके आहे; मग तांब्याच्या हंड्याला कोणी दुर्मिळ का म्हणत नाही, असे मला गमतीने वाटते.

आई म्हणाली, एकदा लावून तरी बघ. बत्तीची काच तडकलेली होती आणि पंपाचे वायसर सुकून गेले होते. मेंटल मी पुन्हा त्याच कागदात गुंडाळले.