तुम्ही विचारलंत म्हणून: नवं झाड सापडलं का?

चवथीला कुणाच्याही घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या मांडवाखाली, टेकले की हा प्रश्न येतोच. "बाई, एवढ्या सड्यावर हिंडता, एखादं नवीन झाड सापडलं की नाही? आणि ते नवीनच, हे कळतं कसं?"

नाही सापडलं. एकदा मात्र वाटलं होतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, भर पावसात पिवळ्या फुलांचं काहीतरी दिसलं, पानं ओळखीची वाटेनात. घाईत शेंडा तेवढा खुडून आणला. पुढच्या पंधरवड्यात त्याच जागी आख्खं रोप उपटलं, तर सोनकी! शेंड्याकडची पानं बुंध्याशी असतात तशी नसतात, एवढंच.

सोनकीचं हे सूर्यफुलाचं कुळ असंच फसवतं. दसऱ्याच्या हारातल्या रोजांची, म्हणजे झेंडूची, एक 'पाकळी' ओढा. ती पाकळी नसते, आख्खं फूल असतं. अशी शेकडो फुलं एका बैठकीवर दाटीनं बसलेली. रंगावर जाऊन भागत नाही. खालची हिरवी छदं, म्हणजे बैठकीला वेढणारी पानासारखी खवलं, बीसारख्या फळावरचे केस, स्त्रीकेसराच्या टोकाचे दोन फाटे, हे सगळं भिंगाखाली बघावं लागतं. त्या फाट्यांवरून कुळाची वाटणी लावणारा फ्रान्सचा कासिनी पेशानं न्यायाधीश होता. दोनशे वर्षं झाली. ती मांडणी बरीचशी टिकली.

पण झाडांची नवी जात किंवा नवा गट जंगलात सापडतो, ही कल्पनाच जरा चुकीची आहे. बहुतेकदा तो कपाटात, जुन्या वाळक्या नमुन्यांत सापडतो. आपल्या अंगणातली, याच कुळातली सहदेवीच घ्या. 1753 साली झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तिला कोनिझा या गटात घातलं, 1829 मध्ये ती व्हर्नोनिया या गटात गेली. व्हर्नोनिया पुढे इतका फुगला की त्यात हजारभर जाती झाल्या. मग परागकण तपासणाऱ्यांच्या आणि पेशीतली गुणसूत्रं मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं, की अमेरिकेतल्या जातींच्या गुणसूत्रांची मूळ संख्या 17 आणि आपल्याकडच्यांची 9 किंवा 10. एका घरात नांदणारी ही माणसं एका रक्ताची नव्हतीच. 1990 मध्ये सहदेवी सायँथिलियम या वेगळ्या गटात गेली. रोप तेच, उंबऱ्याशी उगवणारं.

याहून मोठा धक्का 1987चा. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या झाडांच्या हरितलवकातल्या, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या कणांतल्या, डीएनएचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला आहे, पण दक्षिण अमेरिकेतल्या एका लहानशा गटात तो सुलटाच. म्हणजे ती शाखा बाकी सगळ्यांच्या आधी वेगळी झालेली. तोवर ती दुसऱ्याच मोठ्या गटात दडलेली होती. 1992 मध्ये तिला स्वतंत्र उपकुळ मिळालं. झाडं तर आधीपासून माहीत होती!

हे सांगून झाल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, "नाव काय ते ठेवा, ताप आला की आम्ही सहदेवीच उकळणार."

माझ्या पिशवीत आता खुरपं असतं.