आप्पांची मांडी

मी बेळगावात फिजिओथेरपी करते. दिवाळीनंतर खानापूरकडचे एक आप्पा आले, पावसाळ्यात चिखलणी करताना पॉवर टिलरच्या पात्यात पाय गेलेला. हाड वाचलं पण मांडीच्या पुढचा स्नायू बराचसा गेलाच, वर नुसती कातडी लावलेली. बसून पाय सरळ करा म्हटलं की कपाळावर घाम यायचा आणि गुडघा तिथंच.

त्या दिवशी आप्पा म्हणाले, "बाई, विळा लागलेला तवा भरलं की मांस. ह्ये का भरंना?"

प्रश्न बरोबर होता त्यांचा. स्नायूच्या तंतूवर पातळ खोळ असते, तिच्या आत राखीव पेशी चिकटून असतात, १९६१ मध्ये पहिल्यांदा दिसल्या त्या. लहान जखमेत खोळ टिकते आणि त्या पेशी तिच्या आधारानं नवा तंतू घडवतात. पण खोळीसकट मोठा तुकडाच गेला तर पेशींना वाटच राहत नाही, मग तिथं वण भरतो, आणि वण काही आकुंचन पावत नाही.

आप्पांच्या पोरानं मोबाईलवर स्नायू परत भरायला बसवतात त्या जाळीचं वाचलं होतं, म्हणाला मॅडम ती बसवता येत नाही का? अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ५ पेशंटांवर केलेलं छापलंय, वण काढून त्या जागी डुकराच्या मूत्राशयाची, पेशी धुऊन काढलेली जाळी बसवली, ३ जणांची ताकद चांगली वाढली. जाळी शरीरात हळूहळू विरघळते, विरघळताना रक्तवाहिन्यांभोवतीच्या मूळ पेशींना बोलावते. डुक्कर म्हटल्यावर आप्पांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला, मी गप्प बसले. जरा वेळानं तेच म्हणाले, "धुतल्यालं हाय न्हवं, मग चालंल की."

पण ते अजून नेहमीचं ऑपरेशन नाही, खोटी आशा लावायला जीभ रेटेना माझी. त्यातली एक गोष्ट मात्र मी पोराला दोनदा सांगितली, कारण मला तीच सगळ्यात मोठी वाटते: त्या पेशंटांना ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच व्यायाम सुरू केला होता. ताण बसल्याशिवाय पेशींना कुठल्या दिशेनं रांग धरायची ते कळत नाही, नुसती जाळी घालून झोपून राहिलं तर काय उपयोग?

मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, उरलेल्या स्नायूवर हात ठेवून म्हटलं आप्पा, खाली दाबा. काही नाही. परत दाबा. सातव्या की आठव्या वेळी बोटांखाली बारीक ओढ लागली.

"लागलं न्हवं हाताला?" आप्पांनी विचारलं.

लागलं होतं.