इंगलशमचे चर्च: जीर्णोद्धारात काय राखले गेले

इंग्लंडमध्ये टेम्सच्या उगमाकडील भागात, लेचलेड या गावापासून नदीकाठच्या पायवाटेने साधारण दीड किलोमीटर चालत गेल्यावर इंगलशमचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे छोटे चर्च दिसते. त्याला उंच मनोरा नाही, घंटेपुरती एक दगडी चौकट छतावर आहे. मुख्य बांधकाम बहुतांशी 13व्या शतकातले आहे. दक्षिणेकडील भिंतीत आतल्या बाजूने मात्र त्याहून जुने, सॅक्सन काळातले शिल्प बसवलेले आहे. माता आणि बालक, आणि वरून आशीर्वाद देणारा ईश्वराचा हात. एकेकाळी ते बाहेर होते आणि सूर्यघड्याळ म्हणूनही वापरले गेले.

हे चर्च आज असे दिसते, याचे श्रेय बऱ्याच अंशी कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांना जाते. 1871 पासून ते जवळच्या केल्म्स्कॉट गावी राहत असत. त्या काळात इंग्लंडमध्ये जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चमधला गिलावा खरवडला जाई, नंतरच्या शतकांतले लाकूडकाम फेकून दिले जाई आणि वास्तुविशारदाला आवडलेल्या एकाच शतकाचे रूप सगळ्या इमारतीवर लादले जाई. जवळच्याच बर्फर्ड गावच्या चर्चमध्ये वास्तुविशारद जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांच्या देखरेखीखाली चाललेले असे काम 1876 मध्ये पाहून मॉरिस अस्वस्थ झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. खरवडण्याला असलेल्या विरोधामुळे तिला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव मिळाले.

इंगलशमचे काम मॉरिस यांच्या पुढाकाराने आणि मदतीने, 1888-89 मध्ये वास्तुविशारद जे. टी. मिक्लथ्वेट यांच्या देखरेखीखाली झाले. इमारत टिकण्यासाठी आवश्यक ती दुरुस्ती झाली; 17व्या-18व्या शतकांतली, दारे असलेली उंच बंदिस्त बाके आणि छत्री असलेले लाकडी व्यासपीठ मात्र जागच्या जागी राहिले. भिंतींकडे सर्वाधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मध्ययुगीन चित्रे, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात त्यांवर फिरवलेला चुना, त्या चुन्यावर रंगवलेली इंग्रजी बायबलमधील वचने, असे थर एकावर एक साचले असून काही ठिकाणी ते सातपर्यंत आहेत. एक थर वाचता वाचता त्याखालचा डोकावतो. गिलावा खरवडला असता तर स्वच्छ दगड दिसला असता, पण ही शतके कायमची गेली असती.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. शक्य असल्यास आधी बर्फर्ड पाहावे आणि मग इंगलशमला यावे. दोन्हींतला फरक त्या क्रमाने चांगला उमगतो. बर्फर्डच्या चर्चमध्ये 1649 मध्ये कोंडलेल्या लेव्हलर, म्हणजे राजकीय समतेची मागणी करणाऱ्या गटाच्या, सैनिकांपैकी अँथनी सेडली याने बाप्तिस्म्याच्या कुंडावर कोरलेले नाव अवश्य शोधावे. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने स्विंडनला उतरून पुढे लेचलेडला जाता येते, परंतु रविवारी बस मिळेलच असे गृहीत धरू नये. हिवाळ्यातल्या पावसाळी महिन्यांत नदीकाठची कुरणे पाण्याखाली जातात, म्हणून जलरोधक बूट घालावेत. चर्चकडे जाणारा रस्ता अरुंद असल्याने गाडी लेचलेडमध्येच ठेवावी. जेवण आणि स्वच्छतागृहाची सोयही तिथेच उरकावी. आतल्या अंधूक उजेडात चित्रे दिसण्यासाठी छोटी विजेरी उपयोगी पडते, मात्र भिंतींना हात लावू नये, कारण रंगाचे पापुद्रे सहज सुटतात. देखभाल चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट या जुनी चर्च सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. प्रवेशशुल्क नसले तरी दानपेटीत काही तरी अवश्य टाकावे, आणि निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.