चौथीचं गणित बंद, तिसरीचं सुरू

लेकीला आम्ही शाळेत न घालता घरीच शिकवतो. दिवाळीनंतर तिचं गणिताचं करिक्युलम बदललं. चौथीचं अमेरिकन वर्कबुक अर्ध्यावर थांबवलं आणि सिंगापूर पद्धतीचं तिसरीचं पुस्तक काढून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणजे पोरीला मागे नेलंस?" तर हो, नेलं, आणि मुद्दाम नेलं.

जुनं पुस्तक टाकाऊ होतं असं अजिबात नाही. त्यात रोज थोडंसं नवीन आणि बाकी सगळी मागची उजळणी, त्यामुळे पाढे आणि हातच्याची वजाबाकी एकदम पक्की झाली, ते श्रेय त्याचंच. पण शाब्दिक उदाहरण आलं की बाईसाहेब वाचायच्याच नाहीत, 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा उत्तर बरोबरच यायचं कारण त्या पानावर सगळी उदाहरणं त्याच छापाची. शिवाय ती डाइम नि क्वार्टर ही अमेरिकन नाणी आणि सोळा औंसाचा पौंड. आमचा भाजीवाला यूपीआय घेतो आणि पाव किलो तोलून देतो, तिला क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंट हे पाठ करून करायचंय काय?

मग एकदा मीच एक उदाहरण घातलं. राधाकडे मीनापेक्षा 24 मणी जास्त, दोघींचे मिळून 96, तर मीनाकडे किती? तिने डोळे मिटून 96 अधिक 24 केलं, 120. मी विचारलं, अगं दोघींचे मिळून 96 आणि एकट्या मीनाकडे 120? तर म्हणे पण 'जास्त' लिहिलंय ना!

सिंगापूरवाल्या पुस्तकात याच्यासाठी पट्ट्या काढतात. मीनाची एक पट्टी, तिच्याखाली राधाची तेवढीच पट्टी आणि पुढे 24 चं शेपूट. तिने ते शेपूट अंगठ्याने झाकलं, थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, आता दोन्ही सेम आहेत, मग 96 मधून हे काढू का? 72, त्याचे निम्मे 36. मी काहीही सांगितलं नव्हतं हां. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे असा त्यांचा क्रम असतो. सिंगापूरने 80 च्या दशकात हे आपल्या सरकारी शाळांसाठी बसवलं आणि 1995 च्या टिम्स या देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या गणित-विज्ञान चाचणीत चौथी आणि आठवी दोन्हीकडे ते पहिले आले तेव्हा बाकीच्या देशांचं लक्ष गेलं.

आता मागे का नेलं, तर या पट्ट्या तिसरीच्या पहिल्या भागात शिकवायला सुरुवात होते आणि चौथीचं पुस्तक धरूनच चालतं की मुलाला त्या येतात. तिला थेट चौथीत बसवलं असतं तर आकडेमोड जमली असती आणि चित्र काढायचा कंटाळा करून परत शब्द बघून बेरीज-वजाबाकी चालू. कुठल्या पुस्तकापासून सुरू करायचं ते ठरवायची प्लेसमेंट टेस्ट फुकट मिळते ती आधी सोडवून घ्या, पण नुसते मार्क बघू नका, मूल सोडवत असताना शेजारी बसा. जे येतंय ते धडे आम्ही भराभर उडवले, बेरजेचा तर एका सकाळीच संपला. एका पुस्तकात अपूर्णांक आधी येतात तर दुसऱ्यात भागाकार, त्यामुळे वयाप्रमाणे इयत्ता धरून पुस्तक घेतलं की मध्ये भोकं राहतात आणि ती वर्षभराने दिसतात, तेव्हा मग मूल 'ढ' ठरतं.

पैसे, मोजमाप आणि मोठ्या संख्यांसाठी मात्र बालभारती. पीडीएफ फुकट डाऊनलोड होते. नाहीतर लेक 100,000 असा स्वल्पविराम देऊन 'हंड्रेड थाउजंड' वाचत होती, आता 1,00,000 लिहून लाख म्हणते. भागाकाराचं भांडण अजून मिटलेलं नाही, ती उत्तर वरती लिहिते, आजोबांना ते उजवीकडे कंसापलीकडेच पाहिजे. मी त्यात पडत नाही. आजोबा तिला औटकी पण शिकवतायत, साडेतीनचा पाढा, तो कुठल्याच पुस्तकात नाही पण तिला भयंकर आवडलाय.

'मग दहावीचं काय' हे सगळे विचारतात. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी वयाची 14 वर्षं झाल्यावर देता येते, आमची आत्ता नऊची आहे. बराच वेळ आहे की.

जुन्या वर्कबुकचा दुसरा भाग अजून कोराच आहे, पुण्यात कुणाला हवा असेल तर घेऊन जा. औंस-पौंडाची पानं तुमची तुम्ही बघा.