पिवळ्या धातूच्या पाटल्या आणि मुद्देमाल हा शब्द

२०१७ च्या दिवाळीत आम्ही सगळे गावाला गेलो होतो आणि परत आलो तर कडीकोयंडा उचकटलेला, कपाट सताड उघडं आणि आजीच्या पाटल्या गेलेल्या. लग्नातल्या पाटल्या त्या, तिच्या आईने घातलेल्या. पुढे सात-आठ महिन्यांनी पोलीस स्टेशनमधून फोन आला की चोर सापडलाय, मुद्देमाल हस्तगत केलाय, ओळखायला या. मी आजीला जाऊन जसंच्या तसं सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, बाळा, माझ्या पाटल्यांना मुद्देमाल नको म्हणूस, ते दारू-गांजावाल्यांचं असतं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आजीचं चुकलं नव्हतं, कारण ती रोज पेपर वाचते आणि पेपरात हा शब्द कुठे येतो? गुटख्याचा टेम्पो पकडला, मुद्देमाल जप्त. जुगाराच्या अड्ड्यावर धाड, रोख रक्कम, पत्ते आणि मोबाईलसह मुद्देमाल जप्त. हातभट्टी उद्ध्वस्त, रसायन जागीच नष्ट, मुद्देमाल जप्त. रोज असं वाचलं की मुद्देमाल म्हणजे दोन नंबरचा माल असंच मनात बसतं. घरात सुद्धा पोरगं लाडवाच्या डब्यात हात घालताना सापडलं की आपण म्हणतोच ना, मुद्देमालासह पकडला.

पण शब्दाचा मूळ अर्थ तसा नाहीच. मुद्दा हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, आणि आपला दावा पण त्याच कुळातला. मुद्दा म्हणजे ज्याच्यावर दावा सांगितलाय ते, म्हणून हिंदी-उर्दूत फिर्यादीला मुद्दई म्हणतात. माल म्हणजे मालमत्ता, चीजवस्तू, त्यात वाईट काहीच नाही, मालगाडीतला माल तोच. तेव्हा मुद्देमाल म्हणजे ज्या मालावरून खटला उभा राहिला तो माल, एवढंच. तो चोरीचा असेल, बंदी असलेला असेल, किंवा गुन्ह्यात वापरलेला कोयता असेल. वाळूचोरीत ब्रासभर वाळूसोबत ट्रॅक्टर पण मुद्देमाल. म्हणून बातमीतला आकडा नीट वाचायचा, समजा गुटखा ८० हजारांचा आणि टेम्पो ५ लाखांचा असेल तर हेडलाईनमध्ये पावणेसहा लाखांच्या वर मुद्देमाल दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळा गुटखाच होता.

उलट ज्यांना खरंच बेकायदा म्हणायचंय त्यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. दोन नंबरचा माल म्हटलं की बिल नाही, टॅक्स नाही, किंवा ब्रँडची नक्कल. चोरीचा माल म्हटलं की कुणाचा तरी चोरलेला, आणि माहीत असून तो विकत घेणं हा सुद्धा गुन्हाच, आधी भारतीय दंड संहितेत ४११ कलम होतं, आता न्याय संहितेत ३१७. तस्करीचा माल म्हटलं की सीमेवरनं किंवा नाका चुकवून आणलेला. आणि नुसतं माल म्हटलं की पोरांच्या भाषेत गांजा. हाच शब्द बाईमाणसाबद्दल वापरणारे पण आहेत आणि मला त्याची मनापासून चीड येते, माणसाला वस्तू करून टाकायची आणि वर हसायचं.

तर आम्ही ओळखायला गेलो. टेबलावर खाकी पाकीट, त्याला दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, लेबलवर गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या. मुद्देमाल कारकुनाने यादी वाचून दाखवली, पिवळ्या धातूच्या दोन पाटल्या, पुढे जु.वा.किं.अं. आणि आकडा. जु.वा.किं.अं. म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. आजी म्हणाली, पिवळा धातू काय, सोनं आहे ते! ते साहेब चांगले होते, त्यांनी समजावलं, आजी, सोनाराने तपासल्याशिवाय आम्हाला सोनं लिहिता येत नाही, डोळ्याला दिसतं तेवढंच लिहायचं. मग आजीने पाटली हातात न घेताच सांगितलं की एकीच्या आतल्या बाजूला चेप आहे, माझ्या थोरल्याने लहानपणी पाट्याखाली ठेवली होती. चेप होता.

मला वाटलं आता घेऊन घरी जायचं. तसं नसतं. माल आपला असला तरी ताबा कोर्टाचा, त्यासाठी अर्ज करायचा, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ कलमाखाली, पावती जोडायची, फोटो काढायचे, बॉण्ड लिहून द्यायचा. ४० वर्षांपूर्वीच्या पाटल्यांची पावती कुठून आणणार? लग्नातला फोटो जोडला. चार-पाच तारखा गेल्या. सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं होतं की मुद्देमाल उगाच पोलीस स्टेशनात पाडून ठेवू नका. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४९७ कलमात मुदतच घातलीय, कोर्टाने १४ दिवसांत वस्तूचं वर्णन लिहायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढून घ्यायचा आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं तो हुकूम द्यायचा. हे सगळीकडे खरंच पाळलं जावं असं मला फार वाटतं, कारण पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या मोटरसायकली बघितल्या की मला आता त्यांचे मालक दिसतात, हप्ते भरून घेतलेली गाडी चोरीला गेली, सापडली आणि तरी हातात नाही.

पाटल्या मिळाल्या, पण बॉण्डवर लिहिलंय की निकाल लागेपर्यंत विकायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या. आजीला त्या मोडून माझ्या बायकोला बांगड्या करायच्या होत्या. केस अजून चालूच आहे, त्यामुळे लग्नात तिने पाटल्या तशाच बायकोच्या हातात चढवल्या आणि कानात सांगितलं, जप हो, कोर्टाच्या आहेत. संध्याकाळी परत काढून डब्यात ठेवल्या. त्या डब्यात पाटल्यांच्या खाली बॉण्डची झेरॉक्स चौघडी करून ठेवलेली आहे.