जुन्या गाडीला कूलंट फिल्टर लावावा का? आधी बरणीत पाणी काढून बघा

पसरणी घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला की जुनी सुमो, बोलेरो किंवा क्वालिस चालवणाऱ्याला कुणीतरी सुचवतंच, ‘बाहेरून कूलंट फिल्टर बसवून घे,’ म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी (कूलंट) गाळणारा फिल्टर. माझं मत स्पष्ट आहे. हा फिल्टर कामाचा आहे, पण मोजक्याच गाड्यांसाठी. बाकीच्यांनी तेच पैसे नवी रेडिएटर कॅप, नवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) आणि चांगल्या कूलंटवर घालावेत.

फिल्टर गाळ धरतो. ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यातला गंज, तो ओतताना साच्यातली उरलेली वाळू, सुटलेले पोपडे त्यात अडकतात. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र त्यातून आरपार जातात. आपल्याकडची खरी अडचण तीच आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात कितीतरी गाड्यांत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. तांब्याच्या बंबाला आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो हेडमध्ये (ब्लॉकवरच्या झाकणात), एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या तापलेल्या जागी बसतो. एकदा चिकटलेला थर फिल्टरपर्यंत येतच नाही. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपली असतील तर तीही फिल्टर परत आणून देत नाही.

म्हणून आधी तपासणी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून अर्धा लिटर कूलंट काचेच्या बरणीत काढा आणि एक दिवस हलवू नका. तळाशी काळा गाळ बसला आणि बाहेरून लावलेल्या चुंबकाकडे सरकला, तर लोखंडी ब्लॉक आतून झडतोय. पांढरट चुरा असेल तर क्षार, किंवा पितळी रेडिएटरच्या सांध्यांना दिलेल्या डागाचं (सोल्डरचं) शिसं गंजून सुटतंय. वर तेलाचा तवंग आला तर विषय हेड गॅस्केटकडे (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगकडे) किंवा ऑइल कूलरकडे जातो, तिथे फिल्टरचं काही काम नाही.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. इंजिन बंद असताना ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर कूलंट संपलंय असं समजा. कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन चालू करा आणि हेडलाइट, ब्लोअर लावा. आकडा आणखी चढला तर अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) खराब आहे. ती न बदलता नवं कूलंट भरलंत तर तेही लवकर वाया जातं.

काटा कधी चढतो तेही बघा. घाटात आणि हायवेच्या वेगात चढत असेल तर रेडिएटरच्या नळ्या चोक झाल्याचा संशय घ्या. सिग्नलला उभं असताना चढून गाडी पळाल्यावर उतरत असेल तर फॅन किंवा फॅनचा क्लच बघा.

गाळ निघाला तर आधी फ्लशिंग, म्हणजे आतून पाण्याने धुणं. हीटरचा लिव्हर गरमवर, थर्मोस्टॅट काढलेला, आणि पाणी उलट दिशेने, खालच्या होजमधून वर. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडल्याशिवाय फ्लशिंग झालं म्हणू नका, जड गाळ तिथेच बसलेला असतो. क्षार असतील तर लिटरमागे ४० ते ५० ग्रॅम लिंबूसत घालून इंजिन गरम होऊन वीसेक मिनिटं चालवा, कोमट झाल्यावर काढा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. ते रात्रभर आत ठेवू नका, ॲल्युमिनियम खातं. जुन्या गाडीत कधी कधी पोपड्यानेच गळती धरून ठेवलेली असते, त्यामुळे नंतर वॉटर पंप आणि होज नीट बघा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे. पितळी रेडिएटरला जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. नुसत्या रंगावर जाऊ नका, रंगाला कसलंही प्रमाण नाही.

दोनदा धुऊनही बरणीत काळा गाळ येतच राहिला, किंवा जुन्या लोखंडी इंजिनाला नवा बारीक नळ्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर बसवला, किंवा इंजिन नुकतंच उतरवून बांधलं असेल, तर फिल्टर जरूर लावा.

ट्रक-जनरेटरच्या पार्टच्या दुकानात मिळणाऱ्या कूलंट फिल्टरमध्ये बऱ्याचदा रसायन भरलेलं असतं. ते वेट लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची नळी थेट कूलंटमध्ये बुडालेल्या मोठ्या डिझेल इंजिनांसाठी आहे. तिथे लायनरच्या बाहेरून बुडबुडे फुटून खड्डे पडतात, ते थांबवायला. कारमध्ये ते नको, जास्त झालं की जेल होऊन तेच नळ्या बुजवतं. बिनरसायनाचा कोरा फिल्टर मागा. इंजिन ऑइलचा फिल्टर लावू नका, त्याचा कागद आणि रबर गरम पाण्यासाठी बनवलेले नसतात.

जोडणी नेहमी बायपासची, म्हणजे थोडंसंच कूलंट फिल्टरमधून वळवणारी. रेडिएटरच्या मोठ्या होजमध्ये मध्येच बसवला आणि तुंबला तर घाटातच गाडी उकळेल. हीटरला जाणाऱ्या होजवर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ८ ते १० मिलिमीटरची बारीक होज फिल्टरला न्या, आणि परतीच्या होजवर दुसरी टी. आपल्याकडे हीटरचा वॉल्व्ह वर्षभर बंदच असतो, म्हणून पहिली टी वॉल्व्हच्या आधी हवी, नाहीतर फिल्टरमधून थेंबही फिरणार नाही. दोन्ही बाजूंना बॉल कॉक लावा. फिल्टर रेडिएटरच्या तोंडापेक्षा खाली, एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि बसवल्यावर हवा काढा. रेडिएटर गळतो म्हणून कुणी हळद टाकली असेल तर ती पूर्ण धुऊन निघेपर्यंत फिल्टर बसवू नका. सांगली हळदीची पेठ आहे, पण रेडिएटरमध्ये ती नळ्यांत घट्ट बसते आणि फिल्टरही बुजवते. तयार लीक-स्टॉपरचंही तेच.

पहिला फिल्टर हजार किलोमीटरला काढा, दुसरा पाच हजारांना. प्रत्येक वेळी पत्रा कापून कागदाची घडी उलगडून बघा. तिसऱ्याची घडी स्वच्छ निघाली की दोन्ही कॉक बंद करा आणि फिल्टर काढून टाका.