एमेंटालमधला शनिवार: धुणं, रद्दी आणि तीनशे मीटर

स्वित्झर्लंडला जाऊन आलो, पण युंगफ्राऊ शिखराचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. गेलो त्या दिवशी ढग उतरले होते, तिकिटाचे पैसे ढगातच गेले. त्याऐवजी फोनमध्ये आहे तो लांगनाऊच्या एका इमारतीच्या तळघरातला, भिंतीवर लावलेल्या धुण्याच्या वेळापत्रकाचा फोटो. घरी आल्यावर सगळ्यांना तोच दाखवत सुटलोय.

लांगनाऊ बर्नपासून रेल्वेनं साधारण पाऊण तासावर, एमेंटाल खोऱ्यात. हो, भोकाभोकांचं चीज जिथलं, तेच एमेंटाल. वस्ती नऊ-दहा हजारांची. मधून इल्फिस नदी वाहते. तिला नदी म्हणताना आम्हा पंचगंगेकाठच्या माणसांना जरा जड जातं, पण पाणी मात्र तळ दिसेल असं. घरं लाकडी, छपरं खाली ओढलेल्या टोपीसारखी, खिडक्यांत लाल जिरेनियम. गावाला वेड आइस हॉकीचं, कुणाच्या गॅलरीत झेंडा दिसला तर तो नव्वद टक्के गावच्या संघाचा. माझी भाची इथं राहते. जावई गावचेच, धंद्यानं सुतार. पर्यटक इथं क्वचितच उतरतात, त्यामुळे दाखवायला काही नाही म्हणून भाची सारखी ओशाळत होती. मी म्हटलं, अगं, तुमची रोजची कामं दाखव, मला तीच बघायचीत.

तर आधी धुणं. इमारतीत सहा बिऱ्हाडं, तळघरात एक वॉशिंग मशीन, एक ड्रायर आणि दोऱ्या बांधलेली एक कोरडी खोली. प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला. आपल्या वारी सकाळी सातला किल्ली घ्यायची, रात्री शेजारच्या दारी पोचती करायची. मधल्या वेळात घरातल्या चादरींपासून पायपुसण्यांपर्यंत सगळं उरकायचं. हुकलं तर पुढच्या खेपेपर्यंत बेसिनमध्ये मोजे घासा. काम झालं की यंत्राच्या दाराचं रबर आतून पुसायचं, साबणाचा खण काढून धुवायचा आणि ड्रायरच्या जाळीवर साचलेली करडी लव बोटानं गुंडाळी करून काढायची. लव राहिली तर दुसऱ्या दिवशी यंत्रावर चिठ्ठी चिकटलेली असते. चिठ्ठीची सुरुवात 'प्रिय शेजाऱ्यांनो' आणि शेवट 'मनःपूर्वक नमस्कार', मधल्या तीन ओळींत तुमचे वाभाडे. या चिठ्ठ्या कोण लिहितं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई.

रविवारी धुणं बंद. गवत कापायचं यंत्र बंद, ड्रिलमशीन बंद. काचेच्या बाटल्या टाकायच्या पिंपांवरही वार आणि वेळा लिहिलेल्या, कारण बाटली फुटल्याचा आवाज शेजाऱ्याला जातो. बाटल्याही रंगानुसार वेगळ्या: पांढरी, हिरवी, तपकिरी. कचऱ्याची पिशवी दुकानात गल्ल्यापाशी मिळते, तिच्या किमतीतच कचरापट्टी धरलेली असते. त्यामुळे जो जास्त कचरा करेल तो जास्त भरेल. जावई पिशवीवर गुडघा ठेवून कचरा दाबताना बघून मला एसटीच्या टपावर बोचकी कोंबणारे आमचे जुने कंडक्टर आठवले. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. रद्दीचा गठ्ठा चारही बाजूंनी सुतळीनं बांधायचा, कडा जुळलेल्या हव्यात. वर्तमानपत्रात टीबॅगचं वेष्टन सापडलं तर गठ्ठा फुटपाथवर तसाच पडून राहतो. मग गल्लीतून जाणारा प्रत्येक जण तो कुणाचा असेल याचा अंदाज बांधतो.

हे सगळं शनिवारी दुपारपर्यंत आटोपलं. कपडे दोरीवर, गठ्ठे दाराशी, रविवारच्या न्याहारीची झ्युप्फे भट्टीत. झ्युप्फे म्हणजे वेणी घातलेला लोण्याचा पाव, बर्नकडच्या घरांत रविवार त्याच्याशिवाय उजाडत नाही. मग जावयांनी कोटांच्या कपाटाआडून रायफल काढली, खांद्याला लावली आणि सायकलवर टांग टाकली. भाची दुसऱ्या सायकलवर. मी बसनं.

ऐकून होतो, पण डोळ्यांनी बघताना चमकलोच. आमच्याकडे परवान्याची बंदूकसुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. इथं पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची, आणि सेवेतला माणूस आपली रायफल घरी ठेवतो. गोळ्या मात्र नाहीत. पूर्वी सीलबंद डब्यात त्याही घरी देत, ते २००७ साली बंद झालं. ज्याच्याकडे रायफल, त्यानं दरवर्षी ३१ ऑगस्टच्या आत गावच्या रेंजवर वीस गोळ्यांची परीक्षा द्यायची. ८५ पैकी ४२ गुण हवेत आणि तीनपेक्षा जास्त नेम वाया जायला नकोत. जावई हे सांगत होते ते वीजबिलाची शेवटची तारीख सांगावी तितक्या कोरड्या आवाजात.

त्या शनिवारी मात्र परीक्षा नव्हती, फेल्डशीसन होतं. मेअखेर किंवा जूनमधला एक शनिवार-रविवार धरून देशभर गावोगावच्या रेंजवर हा मेळा भरतो. लाखाच्या वर माणसं त्यात उतरतात. हा जगातला सर्वांत मोठा नेमबाजी मेळा, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात. प्रवेश फुकट, गोळ्याही फुकट.

रेंज म्हणजे कुरणाच्या कडेला एक लांबट लाकडी शेड. समोर उतार, मग ओढा, पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी आकडे लिहिलेल्या पाट्या आणि त्यांच्याखाली निशाण्या. अंतर तीनशे मीटर. बाजूच्या कुरणात गाई निवांत चरत होत्या, एकीनंही मान वर केली नाही. लाल-पांढरं निशाण वर चढलेलं असलं की त्या बाजूची पायवाट बंद.

शेडमध्ये शिरलो तर थेट ग्रामपंचायतीचं कार्यालय. टेबलामागे दोघं म्हातारे, समोर याद्या, कागद, शिक्के. नाव सांगा, कागद घ्या, कानाला मफ लावा. त्या मफना सगळे 'पामीर' म्हणतात. रांगेत शाळकरी पोरं, चिखलाच्या बुटातला शेतकरी, बँकेतून सुटलेली वाटावी अशी एक मुलगी. एका आजोबांकडे लाकडी दस्त्याची जुनी कॅराबिनर रायफल, सैन्यातून कधीच बाद झालेली, पण दस्ता असा चकाकत होता की रोज तेल लागत असावं.

भाची पालथी पडली. गोळ्या अठरा, गुण जास्तीत जास्त ७२. पहिल्या सहा एकेक करून, मग मिनिटात तीन, पुन्हा मिनिटात तीन, आणि शेवटी मिनिटात सहा. निशाणी आपल्या डोळ्यांपुढे येते तशी गोल-गोल वर्तुळांची नाही. काळपट ठिपक्यांत मिसळून गेलेला एक धूसर आकार, मधे लागली तर चार गुण. पहिली गोळी सुटली तेव्हा कानावर पामीर असूनही छातीत धक्का बसला. शेजारच्या छोट्या पडद्यावर गोळी कुठं लागली ते लगेच उमटतं. पूर्वी निशाणीखालच्या खंदकात माणसं बसत आणि लांब काठीच्या फळीनं दाखवत. आता निशाणीतले मायक्रोफोन गोळीच्या आवाजावरून जागा काढतात. शेवटच्या सहाला भाचीची घाई झाली. पाच सुटल्या, सहावी मिनिट संपता संपता कुठं तरी डावीकडे गेली. एकूण ४९. ती उठली ती कोपरं चोळतच, "मामा, हे पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं आहे." तिच्या पोळ्या खाल्लेल्या असल्यामुळे मी काही बोललो नाही.

टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मला गाव विचारलं. मी कोल्हापूर म्हणालो, आणि मग राहवेना. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आमची, एशियाडचं सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आमची, आणि २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. जावई भाषांतर करत होते, माझ्या मते जरा आखडतं घेत. म्हाताऱ्यानं 'थ्री पोझिशन' ऐकलं आणि चष्मा काढला. पन्नास मीटरवर गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या कॉफीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

निघताना प्रत्येकाची रायफल उघडून बघितली जाते, नळी रिकामी आहे ना. उरलेली गोळी खिशातून घरी नेता येत नाही. पितळी पुंगळ्या डब्यात गोळा होतात, अर्थातच वेगळ्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं गेलं. एका टोकाला भाची कांदा चिरत होती, दुसऱ्या टोकाला जावयांनी रायफल सुटी केली. नळीतून चिंधी ओढायची, काळी निघाली की दुसरी, मग तिसरी. सुट्या भागांवर हिरवट ग्रीसचं बोट. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू लागतं, फूल वाहतात. इथं त्या वस्तूकडे कुणी भक्तीनं बघत नव्हतं आणि धास्तीनंही नाही. दुपारी ड्रायरची जाळी साफ केली त्याच चेहऱ्यानं हेही काम चाललेलं. मला हे आवडलं की खटकलं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

खटकणारे तिथंही आहेत. घरातली रायफल रागाच्या किंवा निराशेच्या भरात हाताशी येते, हा त्यांचा मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये, सैन्याची शस्त्रं घरी नकोत, शस्त्रागारात ठेवा, यावर देशभर मतदान झालं. छप्पन्न टक्क्यांहून जास्त लोकांनी हा प्रस्ताव फेटाळला, रायफल घरीच राहिली. मात्र स्वतःहून ठेवायची असेल तर रायफल शस्त्रागारात ठेवता येते.

रविवारी सकाळी झ्युप्फेला लोणी लावत होतो, तर टेकडीपलीकडून ठो, ठो. मेळ्याचा दुसरा दिवस. मी विचारलं, बाटली टाकलेली चालत नाही आणि हे चालतं? जावई म्हणाले, "बाटलीचं वेळापत्रक वेगळं."

अकराच्या सुमारास पुन्हा रेंजवर गेलो, तर केकच्या टेबलामागे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई उभ्या. जावई हळूच म्हणाले, २०११ ला यांनी शस्त्रागाराच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि नवऱ्याची रायफल तिथं पोचती करून आल्या, ती पुन्हा घरी आलीच नाही. मग या इथं कशा? बाईंनीच उत्तर दिलं, की त्या क्लबच्या खजिनदार आहेत आणि गेल्या वर्षी केकचा हिशेब कुणी नीट ठेवला नव्हता. केक रुबार्बचा होता, आंबटगोड. एक तुकडा घेतला, मग दुसरा. सुटे पैसे त्यांनी दोनदा मोजून घेतले.